शार्ल अझ्नावूर ऐकणारं कोणी आहे का इथे?

मारवा:

१२ डिसेंबर १९६०. पॅरिसचं आलांब्रा थिएटर. रंगमंचावर छत्तीस वर्षांचा, जेमतेम सव्वापाच फुटी गायक. एकामागून एक सात गाणी गाऊन झाली तरी समोरचं पब्लिक ढिम्म. मग त्याने प्रेक्षकांकडे पाठ फिरवली, दिव्यांचे झोत उलटे सभागृहावर सोडले गेले आणि त्याने 'ज म व्वाये देजा' सुरू केलं. गाणं एका अपयशी गायकाचं आहे. अठराव्या वर्षी गाव सोडून पॅरिस जिंकायला निघालेला, पोस्टरवर सगळ्यात वर आपलं नाव बघण्याची स्वप्नं रंगवणारा आणि वय उलटून गेलं तरी त्याच निळ्या सुटात, अजून आशा धरून असलेला. गाणं संपलं. टाळी नाही. अझ्नावूर विंगेत आला तो हा धंदाच सोडायचा असं मनाशी ठरवत. शेवटचं अभिवादन करायला परत बाहेर गेला, तर टाळ्यांनी थिएटर कोसळायचं बाकी होतं.

हे गाणं त्याने आधी इव्ह माँताँला, तेव्हाच्या लोकप्रिय गायक-नटाला, देऊ केलं होतं आणि माँताँने ते नाकारलं होतं. नशीब आपलं! ते माँताँच्या देखण्या, यशस्वी तोंडी शोभलं नसतं.

फ्रेंच गाण्यांचा विषय निघाला की आपल्याकडे एदित पियाफच्या पुढे गाडी सरकत नाही. अझ्नावूर म्हणजे 'शी' (She) हे इंग्रजी गाणं गाणारा, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. मला त्याच्याबद्दल लिहायचंय ते त्याच्या आर्मेनियन असण्यामुळे. घर गमावलेल्या माणसांच्या पोटी जन्मून, दुसऱ्यांच्या भाषेत सर्वोच्च जागा मिळवून, आपलं मूळ त्याने ज्या तऱ्हेने सांभाळलं, तसं मी दुसऱ्या कोणात पाहिलं नाही.

जन्म पॅरिसमध्ये, २२ मे १९२४. नाव शाहनूर वाघिनाग अझ्नावूरियान. वडील मिशा, मूळचे जॉर्जियातल्या अखाल्त्सिखेचे. आई क्नार, तुर्कस्तानातल्या अडापझारची. ओटोमन साम्राज्यात १९१५ साली आर्मेनियनांचं जे शिरकाण झालं, त्यातून वाचून ती बाहेर पडलेली. थोरली बहीण आयदा वाटेत, ग्रीसमधल्या थेसालोनिकीला जन्मली. खरं तर त्यांना अमेरिकेला जायचं होतं. व्हिसाची वाट बघत पॅरिसला थांबले, आणि ते कायमचेच. वडील गाणारे, आई नाटकात काम करणारी. वडिलांनी रु द ला युशेतवर 'ल कोकाझ' नावाचं रेस्टॉरंट काढलं. तिथे रात्री गाणी व्हायची आणि खिशात पैसे नसलेले निर्वासित आर्मेनियन जेवूनही जायचे. अशा माणसाचं रेस्टॉरंट किती दिवस चालणार? १९३०च्या मंदीत बसलंच. पोरगा मात्र नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून रंगमंचावर उभा राहायला लागला, आणि आडनावाच्या शेवटचं 'इयान' गळलं.

आता युद्धाचा काळ. माझ्या मते या माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण. पॅरिसवर जर्मनांचा कब्जा आणि अझ्नावूरियान कुटुंब रु द नाव्हारिनवरच्या छोट्याशा घरात. त्या घरात ज्यू लपवले गेले. सोव्हिएत कैद्यांमधून जबरदस्तीने जर्मन सैन्यात भरती केलेले आर्मेनियन सैनिक पळून यायचे, तेही इथेच. त्यांना साधे कपडे द्यायचे आणि अंगावरचे जर्मन गणवेश रात्री बाहेर नेऊन नाहीसे करायचे. हे काम शार्ल आणि आयदाकडे. विचार करा, विशीच्या उंबरठ्यावरची दोन मुलं, संचारबंदी, आणि काखेत जर्मन गणवेशाचं गाठोडं. कवी आणि प्रतिकार चळवळीतला पुढारी मिसाक मानुशियान हा घरचा मित्र. शार्लला बुद्धिबळ त्याने शिकवलं. २१ फेब्रुवारी १९४४ला जर्मनांनी मानुशियानला साथीदारांसकट गोळ्या घातल्या. त्याची बायको मेलिने अझ्नावूरियानांच्या आसऱ्याला होती. (बरोबर ऐंशी वर्षांनी, २१ फेब्रुवारी २०२४ला, फ्रान्सने मिसाक आणि मेलिने दोघांना पांतेआँमध्ये, म्हणजे देशातल्या थोरांच्या समाधिस्थळात, जागा दिली.) ज्यूंना असा आसरा दिल्याबद्दल २०१७ साली इस्रायलच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते शार्ल आणि आयदाला राऊल वॉलेनबर्ग (युद्धात ज्यूंना वाचवणारा स्वीडिश मुत्सद्दी) यांच्या नावाचं पदक मिळालं. तेव्हा तो ९३ वर्षांचा आणि ती ९४ची.

पुढचं प्रतिसादांत लिहीन. कोणी ऐकत असाल तर सांगा.

जुना_रेडिओ:

वा! आमच्या पिढीतल्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या कपाटात अझ्नावूरची एखादी एलपी हटकून असायची. 'शी' इंग्लंडमध्ये १९७४ साली चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ते एका टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत म्हणून लिहिलं गेलं, इंग्रजी शब्द हर्बर्ट क्रेट्झमरचे. गंमत अशी की फ्रान्समध्ये त्या गाण्याला कोणी फारसं विचारलं नाही.

पियाफबद्दल लिहा ना. काही वर्षं तो तिच्याकडेच राहत होता असं वाचलंय.

निशिगंध:

'नॉटिंग हिल' सिनेमात आहे तेच ना हे 'शी'? मला तर तो आवाज खूप वेगळा आठवतोय.

जुना_रेडिओ:

@निशिगंध, सिनेमात एल्विस कॉस्टेलोने गायलंय, १९९९ साली. आता मूळ ऐका. कॉस्टेलो आर्जव करतो. अझ्नावूर सगळं भोगून झालेल्या माणसासारखा गातो.

मारवा:

हो, पियाफ. तेव्हा शार्ल पिएर रोश या पियानोवादकाबरोबर जोडीने गायचा. १९४६ साली पियाफने दोघांना ऐकलं आणि आपल्या दौऱ्यात घेतलं. मग दोघं काही काळ माँट्रियालमध्ये राहिले. तिथल्या एका कॅबरेत रोज रात्री गाऊन त्यांनी चांगला जम बसवला. रोश तिकडेच रमला, शार्ल पियाफच्या सांगण्यावरून परत आला. तिच्या घरी तो सेक्रेटरी होता, ड्रायव्हर होता, दिवे लावणारा होता, रात्री-अपरात्री तिचं मन हलकं करणारा सोबती होता. प्रियकर मात्र कधीच नव्हता, हे त्याने स्वतः सांगितलंय. नाकाचं ऑपरेशन करून घे म्हणून तिनेच मागे लकडा लावला, आणि त्याने करून घेतलं.

त्या घरातला एक किस्सा सांगते. त्याने पियाफसाठी 'ज ए ले दिमाँश', म्हणजे रविवारचा तिटकारा असलेलं गाणं लिहिलं. पियाफने नाक मुरडलं. त्याने ते ज्युलिएत ग्रेको या दुसऱ्या गायिकेला दिलं, ग्रेकोने १९५१ साली त्यावर बक्षीस मिळवलं, आणि मग पियाफ याच्यावर भडकली, माझं गाणं तिला कसं दिलंस म्हणून! आणि हट्टाने स्वतःही ते रेकॉर्ड केलं.

याच काळात समीक्षक त्याच्यावर तुटून पडत होते. आवाज घोगरा, उंची नाही, चेहरा नाही. त्याने स्वतःच एकदा आपल्या उणिवांची यादी कागदावर काढली होती: आवाज, उंची, हातवारे, शिक्षण, फटकळपणा, व्यक्तिमत्त्व. आणि मग ठरवलं की आवाज बदलायला गुरू काही करू शकत नाहीत, तर आहे त्याच आवाजात गायचं. मला या यादीचं फार अप्रूप आहे. शत्रूंनी काढलेल्या यादीपेक्षा ती जास्त कठोर आहे, आणि तिच्यात रडगाणं कुठेच नाही.

चौकस:

लेख चांगलाय, पण एक प्रश्न. आयुष्यभर तो मुख्यतः फ्रेंचमध्येच गायला. इंग्रजी, इटालियन, स्पॅनिश, जर्मनमध्ये गायला, तो बाजारासाठी. आर्मेनियन गाणी त्यामानाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग त्याला आर्मेनियन गायक का म्हणायचं? आडनावाचं 'इयान' तर त्यानेच काढून टाकलं. आपल्याकडे एखादा परप्रांतात मोठा झाला की आपण त्याच्यावर हक्क सांगायला धावतो, तसंच हे वाटतं.

ग्लेंडेलकर:

@चौकस, मी वीस-एक वर्षं कॅलिफोर्नियात, ग्लेंडेलला राहतो. इथे आर्मेनियन वस्ती प्रचंड आहे. बेकरीत, न्हाव्याकडे, गॅरेजमध्ये सगळीकडे आर्मेनियन ऐकू येतं. माझ्या शेजारच्या आजोबांचा जन्म बैरुतचा. त्यांच्या दिवाणखान्यात येशूच्या तसबिरीजवळ अझ्नावूरचा फोटो आहे. फ्रेंच गातो की आर्मेनियन, याने त्यांना तसूभर फरक पडत नाही. ज्यांना जगाच्या नकाशावरून पुसायला निघाले होते त्यांच्यातला एक पोरगा पॅरिसच्या ऑलिंपिया थिएटरात, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये उभा राहिला, यातच त्यांना सगळं मिळतं.

पण आर्मेनियन भाषेतलं पॉप म्हणाल तर ते वेगळं दालन आहे, आणि ते बैरुतमध्ये उघडलं. बुर्ज हम्मूद ही तिथली आर्मेनियन वस्ती. निर्वासितांची दुसरी पिढी तिथे वाढली तेव्हा घरांत तुर्की गाणी वाजत असत, कारण आजी-आजोबांना तीच येत होती. ज्यांनी हाकललं त्यांच्याच भाषेत लग्नात नाचायचं! १९६०च्या दशकात आदिस हार्मांदियान पुढे आला आणि त्याने पाश्चात्त्य वाद्यमेळावर पश्चिम आर्मेनियन बोलीत प्रेमगीतं गायला सुरुवात केली. 'कारून कारून' (वसंतावरचं गाणं) लावलं की अजूनही इथल्या लग्नांत सत्तरीच्या बायका खुर्च्यांवरून उठतात. पुढे लेबनॉनमध्ये यादवी पेटली, माणसं पांगली, त्यांच्यातली कित्येक इकडे लॉस एंजेलिसच्या बाजूला आली. आदिसही २०१९ साली इकडेच वारला. मागे एका लग्नात पाहिलं, गायकाने आधी 'कारून कारून' घेतलं, सगळा हॉल नाचला. मग अझ्नावूरचं 'ला बोएम' घेतलं, तेव्हा कोणी नाचलं नाही. सगळे उभे राहून गात होते, फ्रेंच येत नसलेलेसुद्धा.

मारवा:

@ग्लेंडेलकर, फार सुंदर प्रतिसाद. आदिसबद्दल स्वतंत्र धागा काढाच.

@चौकस, प्रश्न रास्त आहे. त्याला स्वतःलाही हा प्रश्न सतत विचारला जायचा. त्याचं म्हणणं असं की मी शंभर टक्के फ्रेंच आहे आणि शंभर टक्के आर्मेनियनही. कॉफीत दूध मिसळलं की ते परत वेगळं काढता येत नाही. सुरुवातीच्या काळात त्याने आर्मेनियन असणं मिरवलं नाही हे खरं. पण लपवलंही नाही. दिग्दर्शक त्रुफोच्या १९६०च्या 'तिरे स्युर ल पियानिस्त' सिनेमामध्ये तो नायक आहे, आणि त्या पियानोवादकाचं खरं आडनाव सिनेमात 'सारोयान' आहे. मूळ अमेरिकन कादंबरीत हे नाव नाही. अझ्नावूर आला म्हणून पात्र आर्मेनियन झालं. पुढे २००२ साली आतोम इगोयानच्या 'आरारात'मध्ये तो १९१५वर सिनेमा काढणाऱ्या दिग्दर्शकाच्या भूमिकेत होता, आणि त्या दिग्दर्शकाचं आडनावही सारोयानच.

१९७५ साली, शिरकाणाला साठ वर्षं झाली तेव्हा, त्याने त्यावरचं 'इल सों तोंबे' ('ते पडले') हे गाणं केलं. संगीत जॉर्ज गार्व्हारेन्त्सचं. हा आयदाचा नवरा, म्हणजे शार्लचा मेहुणा, आणि त्याच्या कितीतरी गाण्यांचा संगीतकार. हे गाणं फ्रेंचमध्येच असायला हवं होतं. आर्मेनियन माणसाला १९१५मध्ये काय झालं ते सांगायची गरज नव्हती. सांगायचं होतं ते फ्रान्सला. फ्रान्सच्या संसदेने हे हत्याकांड कायद्याने मान्य केलं २००१ साली, म्हणजे गाण्यानंतर सव्वीस वर्षांनी. गाण्यामुळे कायदा झाला असं मी म्हणत नाही. पण रेडिओवर, स्वयंपाकघरात, टॅक्सीत ही गोष्ट पोचवली ती त्याने.

आणि मग ७ डिसेंबर १९८८. उत्तर आर्मेनियातला भूकंप. स्पिताक शहर जमीनदोस्त, लेनिनाकानची (आताचं ग्युम्री) दैना, पंचवीस हजारांच्या आसपास माणसं गेली. कडाक्याची थंडी. अझ्नावूरने संस्था उभी केली आणि 'पूर त्वा आर्मेनी' लिहिलं, चाल पुन्हा गार्व्हारेन्त्सची. फ्रान्समधल्या ऐंशीहून जास्त कलावंतांना एकत्र आणून ते रेकॉर्ड केलं. १९८९च्या सुरुवातीला ते गाणं फ्रान्समध्ये दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पैसा गेला भूकंपग्रस्तांकडे. तिथपासून पुढची तीस वर्षं तो आर्मेनियाचाच होऊन गेला. २००४ साली 'राष्ट्रीय वीर' किताब, २००८ला नागरिकत्व, २००९ला स्वित्झर्लंडमधला आर्मेनियाचा राजदूत आणि जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांमधला कायमचा प्रतिनिधी. पंच्याऐंशीव्या वर्षी, गाण्याचे दौरे चालू ठेवून!

सांजवात:

त्याच्या कामाबद्दल आदर आहेच, पण दुसरी बाजूही लिहायला हवी. १९६०चं 'तू त लॅस आले' ऐका. नवरा बायकोला ऐकवतोय की तू कशी जाड झालीस, कशी गबाळी राहतेस. लोक त्याला विनोदी गाणं म्हणतात. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. मी फ्रेंच शिकवते आणि वर्गात हे गाणं लावत नाही. शिवाय करांच्या भानगडी होऊन तो स्वित्झर्लंडला जाऊन राहिला. देशभक्तीची चर्चा करताना तेही बोलायला हवं.

मात्र वर्गात एक गाणं दर वर्षी लावते. 'कॉम इल दीझ', १९७२. आईबरोबर राहणारा, दिवसा साधीसुधी कामं करणारा, रात्री क्लबात बाईच्या वेषात कार्यक्रम करणारा समलिंगी पुरुष स्वतःबद्दल सांगतो. प्रथमपुरुषी, गंभीरपणे. तेव्हा फ्रान्समध्ये समलिंगी माणूस म्हणजे टीव्हीवर टिंगलीचा विषय. १९६०च्या एका कायदेदुरुस्तीत तर समलैंगिकतेला दारूबाजीच्या पंगतीत, सामाजिक संकटांच्या यादीत बसवलं होतं. संमतिवयाच्या बाबतीतला भेदभाव गेला १९८२ साली. हे गाणं करू नकोस असं जवळच्या लोकांनी त्याला सांगून पाहिलं, त्याने ऐकलं नाही. गाण्यातला माणूस कुठेही कीव मागत नाही. दहावीच्या वयाची मुलंसुद्धा हे गाणं ऐकताना गप्प होतात.

मारवा:

@सांजवात, 'तू त लॅस आले'बद्दल पूर्ण सहमत. ते मलाही ऐकवत नाही. शेवटी तो प्रेमाची भाषा करतो, पण तोवर सगळं बोलून झालेलं असतं. 'कॉम इल दीझ' मी मुद्दाम राखून ठेवलं होतं, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंत. ज्याला आयुष्यभर 'तुझा चेहरा, तुझा आवाज, तुझं नाव इथलं नाही' हे ऐकावं लागलं, त्यालाच ते गाणं लिहिता येतं असं मला वाटतं.

वाटसरू:

आर्मेनियन वंशाच्या गायकांचा विषय निघालाच आहे तर गौहर जानला विसरून कसं चालेल! जन्म आझमगढ, १८७३, नाव अँजेलिना योवर्ड. वडील विल्यम रॉबर्ट योवर्ड आर्मेनियन वंशाचे. आई-वडिलांची फारकत झाल्यावर आई बनारसला आली, इस्लाम स्वीकारून मलका जान झाली, मुलगी गौहर जान. पुढे दोघी कलकत्त्याला गेल्या. नोव्हेंबर १९०२मध्ये फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी गौहरच्या तबकड्या भरल्या. भारतातल्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रणांतल्या त्या. रेकॉर्डच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारायची तिची ती लकब प्रसिद्धच आहे.

कलकत्ता, मद्रास, सुरत, मुंबई सगळीकडे आर्मेनियन व्यापारी होते. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक 'अझ्दारार' १७९४ साली निघालं ते मद्रासहून! मुंबईत फोर्टात मेडोज स्ट्रीटवर सेंट पीटर्स आर्मेनियन चर्च अजून उभं आहे. काळा घोड्याला जाणाऱ्यांनी जरूर बघावं.

चौकस:

@वाटसरू, गौहर जानला 'पॉप' म्हणणार का? ठुमरी-दादरा गाणारी ती. पण प्रतिसाद आवडला. मेडोज स्ट्रीटवरचं चर्च नक्की बघेन.

@मारवा, पटलं. 'सारोयान'चा मुद्दा माहीत नव्हता.

नवी_पालवी:

मी येरेवानला एमबीबीएस करतेय (इथे आपल्याकडची बरीच मुलं आहेत, मराठीसुद्धा). शहराच्या मध्यात 'शार्ल अझ्नावूर चौक' आहे, मॉस्को सिनेमासमोर. तिथे जमिनीवर भलामोठा बुद्धिबळाचा पट आहे, राशीचिन्हांचं कारंजं आहे आणि लोखंडी भंगारातून केलेला एक अवाढव्य कोळी आहे. उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत आजोबा लोक नातवंडांना घेऊन बसलेले असतात. वर कॅस्केडच्या पायऱ्यांजवळ त्याच्या नावाची इमारत आहे.

आमच्या घरमालकीण बाई ग्युम्रीच्या. भूकंपाच्या वेळी सतरा वर्षांच्या होत्या. मी 'ला बोएम' लावलं की त्या दारात येऊन उभ्या राहतात, पण 'पूर त्वा आर्मेनी' लावू देत नाहीत. मी कारण विचारलं नाही. ग्युम्रीत त्याचा पुतळा आहे, आम्ही गेलो होतो तेव्हा पायथ्याशी ताजी फुलं होती.

निशिगंध:

@नवी_पालवी, अंगावर काटा आला.

मारवाताई, शेवट कसा झाला त्याचा? आणि नवख्या माणसाने सुरुवात कुठून करायची?

मारवा:

नवी_पालवी, तुझा प्रतिसाद परत परत वाचला. तिथल्या गोष्टी अजून लिही.

निशिगंध, तो शेवटपर्यंत गात होता. सप्टेंबर २०१८मध्ये जपानचा दौरा केला, वय ९४. परत आला आणि १ ऑक्टोबरला दक्षिण फ्रान्समधल्या मुरिएस गावी, राहत्या घरी गेला. पुढच्या कार्यक्रमांच्या तारखा ठरलेल्या होत्या. ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या ॲंव्हालिद या ऐतिहासिक लष्करी वास्तूत राष्ट्रीय मानवंदना झाली. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष आणि आर्मेनियाचा पंतप्रधान दोघंही होते. शवपेटी फ्रेंच तिरंग्यात गुंडाळलेली, आणि अंगणात दुदुकचे सूर. दुदुक हे जर्दाळूच्या लाकडाचं आर्मेनियन वाद्य, आपल्या सनईच्या कुळातलं, पण आवाज खर्जाकडे झुकणारा. त्याचं व्हिडिओ चित्रण उपलब्ध आहे, बघा. पुढच्याच आठवड्यात फ्रेंचभाषक देशांची शिखर परिषद येरेवानमध्ये होती.

ऐकायचं म्हणाल तर 'ला बोएम'पासून सुरू करा (१९६५, शब्द जाक प्लांतचे). त्यात पॅरिसच्या मोंमार्त्र भागातले उपाशी चित्रकार आहेत. रंगमंचावर तो हातात पांढरा रुमाल घेऊन हे गायचा, चित्रकाराचं फडकं असावं तसा, आणि शेवटी तो रुमाल टाकून द्यायचा. १९६०च्या दशकातलं एखादं चित्रण आणि ऐंशी ओलांडल्यावरचं चित्रण लागोपाठ बघा. मग 'इएर आंकोर'. ते इंग्रजीत रॉय क्लार्कने १९६९ साली गाऊन अमेरिकेत गाजवलं. मग 'आँमने-म्वा', गोदीतल्या हमालाचं गाणं, दूरच्या उन्हाच्या देशांत जायची आस लागलेलं. 'ला मामा' एकट्याने ऐकू नका, विशेषतः आईपासून लांब राहत असाल तर. 'इल सों तोंबे' सगळ्यात शेवटी, शब्द समोर ठेवून.

जुना_रेडिओ:

एक भर. 'ले द्यू गितार' सोडू नका. जुन्या रशियन जिप्सी चालीवर त्याने फ्रेंच शब्द बसवलेत. 'ल कोकाझ'मध्ये वडील रात्री काय वातावरण उभं करत असतील, त्याचा अंदाज या एका गाण्यावरून येतो.

ग्लेंडेलकर:

आदिस हार्मांदियान आणि पॉल बाग्दादलियानवर धागा काढतो, शनिवारपर्यंत. शेजारच्या आजोबांकडे बैरुतच्या जुन्या कॅसेट आहेत, त्यांच्याबरोबर बसून नावं लिहून घेतो आधी.